दशक, सुटे

हर्णैला, पडवीत, जाळं शिवतोय मी.
रुंजी पाटीवर अडलेली:
बावन्नातून सतरा.
"दोनातून सात जातच नाहीत, बाबा."

खरंय. जात नाहीत.

सुके बोंबील तिच्यापुढे मांडतो,
पाच जुड्या दहा-दहाच्या, दोन सुटे.
"गिऱ्हाईक सतरा मागतंय. दे."
ती सुट्यांकडे बघते, माझ्याकडे,
मग दातांनी
एका जुडीचा सुंभ तोडते.
पडवीभर वास.

पस्तीस उरतात.
दोनदा मोजते, तिसऱ्यांदा
मांजराकडे संशयाने बघत.

दिवेलागणीला तिची आई बाजारातून येते,
कमरेची पिशवी सोडते. नोटा, सुटे.
"मोज गो. माझा आज हिशेब जुळत नाय."

तिचा हिशेब कधीच चुकत नाही.
मी मान खाली घालून
पुढची गाठ मारतो.