फेल्ट

डेन्टनला टोप्यांचा कारखाना होता तेव्हा
हेडली ओपनशॉ तिथे लोकर दाबायचा,
वाफेत, एकतीस वर्षं.
त्या कापडाचं नाव फेल्ट.
जाणवलं, वाटलं, त्यालाही इथे फेल्टच म्हणतात.

मंगळवारी मी त्याचं बीपी बघायला जाते.
खिडकी उघडू देत नाही. ड्राफ्ट येतो म्हणे,
म्हणजे फटीतला गार वारा.
कच्च्या खर्ड्यालाही ड्राफ्ट. तोही आहे टेबलावर,
मुलाला लिहायला घेतलेला,
'डिअर कॉलिन'च्या पुढे न सरकलेला.

एअर म्हणजे हवा.
म्यूरिएल भांडी पुसताना गुणगुणायची
ती जुनी चाल, तीही एअर.
आणि वारस? तोही कानाला एअरच,
लिहिताना फक्त पुढे एक मुका एच.
कॉलिन दोन वर्षं तसाच.

तुमच्यात काय म्हणतात, त्यानं आज विचारलं,
मी दंडाचा पट्टा सोडवत होते.
हवा, म्हटलं.
मग सांगून बसले,
की जो पाहिजे असतो, त्यालाही आम्ही
हवा म्हणतो.

बराच वेळ तो
टोपीच्या आतून अंगठा फिरवत राहिला.
मी खिडकी बोटभर उघडली.
नको म्हणाला नाही.