बोट सोमवारी आणि शुक्रवारी

मंगळवार, सकाळचे साडेसात.
पुएर्तो मॉन्तच्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर बसून
मी एकेकाला पडद्यावर घेते.
मी डॉक्टर नाही.
कुणाचा आवाज बंद राहिलाय,
कुणाचा नको तेवढा चालू आहे,
हे बघायचं आणि यादी वाचायची.

वाल्दिव्हियाहून ओयार्सून, जे पेशी वाचतात
आणि माणसांकडे बघायचं टाळतात.
सान्तियागोहून रेतामाल बाई, स्वयंपाकघरातून,
त्यांच्या स्कॅनवरून अधूनमधून मांजराची शेपटी फिरते.
सर्जन तर इथलेच, दोन मजले खाली,
पण तेही चौकटीतच. जिना चढायला वेळ कुणाला आहे?
औषधांच्या खोलीतून नोएमी, कॅमेरा कायम बंद.
आणि सगळ्यात शेवटी, नेहमीच शेवटी,
चिलोएच्याही पलीकडच्या बेटावरून
नर्स याझ्ना ग्वेन्तेओ,
कारण तिथे रेंज फक्त चर्चच्या पायऱ्यांवर येते
आणि पायऱ्यांवर कुणीतरी आधीच बसलेलं असतं.

क्रमांक अकरा. स्त्री, वय चौसष्ट, डावा स्तन.
पडद्यावर गुलाबी-जांभळं काचेवरचं जग उघडतं.
ओयार्सूनचा बाण सरकत सरकत थांबतो
बटाट्याच्या डोळ्याएवढ्या एका जागी,
आणि चार गावांतले डोळे
त्या एका डोळ्यात बघू लागतात.
मला हा क्षण आवडतो. कुणाला सांगत नाही.

मग ठरतं: दर तीन आठवड्यांनी, गुरुवारी, इथे.
सगळे माना हलवतात.
याझ्नाच्या चौकटीत एक पिवळा हात वर होतो.
"बो—" असं काहीसं ऐकू येतं, मग "शु—",
मग ती गोठते, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले,
पाठीमागे समुद्राचे करडे चौकोन.

"बारा घेऊ या," सर्जन म्हणतात.
चार वर्षांत पहिल्यांदा मी माझा आवाज चालू केला.
"थांबा," म्हटलं. पुढे काय म्हणायचं
ते ठरवलंच नव्हतं.
सगळ्या चौकटी माझ्याकडे वळल्या.
मांजरसुद्धा.

तेवढ्यात तिची अक्षरं आली, एकेक ओळ, धापा टाकत:
बोट सोमवारी आणि शुक्रवारी.
गुरुवारचं औषध म्हणजे सोमवारीच निघायचं.
तीन रात्री झोपायचं कुठे?
हिच्या शेजारीण दोनदा आल्या.
तिसऱ्यांदा आल्या नाहीत.

ती शेजारीण मला आठवली. गेल्या वर्षीचा क्रमांक सात.
तिच्या नोंदीत, माझ्याच हातची, शेवटची ओळ:
उपचार नाकारले.
बोटीचं आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
बोलली ती बंद कॅमेऱ्यामागची नोएमी:
"कास्त्रोला का देऊ नये? मी इथून औषध पाठवते.
शुक्रवारच्या बोटीने रक्त येऊ दे,
सोमवारच्या बोटीने बाई."
आणि मग सगळे एकदम बोलू लागले,
मला चार जणांचे आवाज बंद करावे लागले,
सर्जनचाही.

अवस्था, प्रत, आकार मिलिमीटरमध्ये,
आणि त्याखाली, जिथे काही लिहायचं नसतं त्या रकान्यात,
मी बोट लिहिली.

पुढच्या मंगळवारी याझ्नाबरोबर त्या स्वतः आल्या.
एर्मेलिंदा चिग्वाय. लोकरीची टोपी, वाऱ्याने लाल गाल.
कॅमेऱ्याकडे बघेनात, चौकटी मोजत राहिल्या,
बोटाने, हळूहळू, जाळ्यातली मासळी मोजावी तशा.
मग म्हणाल्या:
"एवढे सगळे आहात.
मला हात लावणारं यातलं कोण?"

ओयार्सूननी चष्मा काढला.
आवाज कुणाचाच बंद नव्हता, मी तपासलं.
मग कडेने एक हात आला, त्यांच्या खांद्यावर टेकला,
मनगटापासून पुढचाच दिसत होता,
बाकीचं माणूस चौकटीबाहेर.