बिल्ला क्रमांक सदतीस

उद्या चार्ज द्यायचा.
नवा भांडारपाल नंदुरबारहून येतोय,
आडनाव वळवी, फोनवर आवाज कोवळा.
विचारत होता, सर, यादी टाइप केलेली आहे का?
म्हटलं, आहे. भिंतीवर.

लाकडी फळी, साठ खिळे,
प्रत्येक खिळ्याखाली एका हत्याराचं नाव
माझ्याच हातचं, पांढऱ्या रंगात.
पोरगं खिडकीशी येतं, पितळी बिल्ला सरकवतं,
मी बिल्ला टांगतो, हत्यार देतो.
साडेचारचा भोंगा: हत्यार आत, बिल्ला बाहेर.
एवढीच माझी विद्या.
कानस कशी धरायची,
गुण्या उजेडाकडे धरून फट कशी बघायची,
ते शिकवणारे वेगळे.
मी गेलेलं परत आलं का बघत बसलो
एकतीस वर्षं.

एका खिळ्याचं जमलं नाही.
व्हर्नियर, तिसरा.
त्यावर सदतीस नंबर लटकतोय, अकरा वर्षं झाली.
पंखा लागला की हलतो.
हलून हलून फळीवर त्याने एक कमान कोरलीय,
बारीक, कंपासने काढावी तशी.

जैतुन जुम्मा तडवी, मेकॅनिकल, दुसरं वर्ष.
सातपुड्याच्या पायथ्याहून यष्टीने यायची,
भावाची डांगरी दोनदा दुमडून.
एप्रिलात शेडचा पत्रा तापायचा,
चकला हात लागला की चटका,
तरी ही ओढणी आत खोचून
तोच दंडगोल मोजत राहायची,
माप जमलं तरी.
मी म्हणायचो, ए, कुलूप लावायचंय.
ती म्हणायची, एक रेघ, सर.
त्या एका रेघेतच एकदा भोंगा झाला,
खिडकीशी झुंबड उडाली,
आणि ती गेली व्हर्नियरसकट.
परीक्षेलाही आली नाही.

पत्र लिहिलं होतं मी.
'शासकीय मालमत्ता', 'सात दिवसांच्या आत', 'अन्यथा'.
पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं,
ड्रॉवरमध्ये ठेवलं.
तपासणीला साहेब आले की खिळा दाखवायचो,
बाहेर दिलंय, साहेब, कामावर आहे.
म्हणताना कान गरम व्हायचे.

मागच्या वर्षी अडावदजवळ स्कूटर बसली.
केळीचे ट्रक धूळ उडवत चाललेले.
पत्र्याची शेड, एक जुनं लेथ,
भिंतीला पंपांचे शाफ्ट टेकवलेले, उसाच्या मोळीसारखे.
मशीनवर बाईमाणूस, पाठ माझ्याकडे.
तिने चाकाचा आस काढला, चिंधीने पुसला,
आणि खिशातून जे काढलं
त्याच्या जबड्याशी माझं अक्षर होतं:
तं. नि. ३.
ओळखलं मी.
आधी त्याला, मग तिला.

उजेडाकडे वळून, एक डोळा मिटून तिने मोजलं.
"दोन रेघा घसायेल शे."
मग मान वर केली.
बराच वेळ कोणी काही नाही.
लेथचा पट्टा फटफटत राहिला.
"बिल्ला शे ना सर, खियावर?"
शे, म्हटलं.
"मंग."

बुश घालायचे ऐंशी रुपये झाले.
घ्यायचे नाही म्हणेल असं वाटलं होतं.
तिने मोजून घेतले.
सुटे दोन रुपयेसुद्धा.

उद्या वळवी फळीसमोर उभा राहील.
सुट्टीत सगळे खिळे रिकामे असतात,
रिकामा म्हणजे हिशोब बरोबर.
एकावर बोट ठेवून तो विचारेल,
आणि मी तेच सांगेन, अकरा वर्षं सांगतोय ते,
फक्त या वेळी त्याच्याकडे बघून.

पाकीट मात्र घरी नेतोय.
तिकीट पाच रुपयांचं आहे.
पाण्यात भिजवलं तर
निघेल अजून.