अर्धी वडी

माझं काम विचारणं.
आई अजून शेजारणींना सांगते,
"पोरगी कंपनीत कसलेसे प्रश्न विचारते,"
आणि त्या समजुतीनं मान हलवतात,
जणू मी जनगणनेवाली.

पहिल्या वर्षी पगार फॉर्मावर होता.
भरलेल्या फॉर्माला पस्तीस रुपये,
अर्धवट राहिला तर शून्य.
म्हणून शिकले, दार लागायच्या आत
चप्पल उंबऱ्याशी काढून ठेवायची.
अनवाणी बाईच्या तोंडावर कोणी दार लावत नाही.
हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत.

विक्रोळी, कन्नमवार नगर, दुसरा मजला.
जिन्यावरून उजवीकडे वळायचं, दर तिसरं घर, असा नियम.
तिसरं घर इंदुमती घाडीगावकरांचं.
"बस हां, एवढी कोलंबी सोलते,"
आणि सोलता सोलता सत्तावीस प्रश्न झाले.

अठ्ठाविसावा:
कपड्यांचा साबण आणल्यावर तुम्ही काय करता?
कार्डावर चार पर्याय, ठळक अक्षरांत.
त्यांनी कार्ड वाचलंच नाही.
हात धुतले, खिडकीच्या गजाला बांधलेला
गोधडीचा दोरा सोडला,
नवी वडी ओट्यावर ठेवून
दोरा मधोमध ओढला.
"सुरीनं भुगा होतो. दोऱ्यानं नाही."
दोन तुकडे, कडा गुळगुळीत.

का कापता, हे मी विचारलं नाही.
मी. जिचं काम विचारणं.
लिहिलं: बचत.
भेट म्हणून स्टीलची वाटी दिली, सही घेतली,
पस्तीस रुपये.

पुढे ती वडी स्लाइडवर आली.
अंधेरीच्या थंडगार खोलीत फिरदौस सर म्हणाले,
"गिऱ्हाईक आपलं प्रॉडक्ट घरी बनवून बसलंय,
आपण नुसता कागद गुंडाळायचा."
कागद हिरवा की पिवळा, यावर तीन महिने.
आरशामागे बसून आम्ही
ठाण्याच्या नऊ बायकांना वास घेताना पाहिलं.
अख्खी वडी सोळाला, अर्धी नऊला.
वरच्या रुपयाला आमच्यात सोय म्हणतात.

खपली. फार खपली.
मला केबिन मिळाली, काचेच्या दाराची.
तिथं कोणी टकटक करत नाही,
येणारा आधीच दिसतो.

चार वर्षांनी परत गेले, सोबत नवी मुलगी,
तेजल, हातात टॅब.
घाडीगावकरांनी ओळखलं नाही, पण वाटीतून
चिवडा दिला, ती वाटी मी ओळखली.
गजाला दोरा तसाच होता,
त्यावर ओला टॉवेल.

"कापते कुठे आता? अर्धीच येते की."
मग थांबून,
"पूर्वी दुसरी अर्धी समोर फिलोमिनाला.
एकदा वडी मी आणायची, एकदा ती.
द्यायला गेलं की तास जायचा.
तिच्या पोराच्या दुबईच्या गोष्टी, माझ्या गुडघ्याच्या.
आता तिची ती आणते, माझी मी.
बरंच झालं म्हणा, हिशेब नको."

तेजलनं हळूच विचारलं,
"मॅम, हे कशात टाकू?"
स्क्रीनवर किंमत होती, दर्जा, फेस, सुवास.
खाली तळाला नव्याण्णव:
सांगता येत नाही.
मी म्हटलं, टाक.
तिनं टाकलं. पुढचा प्रश्न आला.

बाहेर येऊन चपला घातल्या.
उजवीकडे तिसरं घर, कुलूप. त्याच्या पुढचं तिसरं,
तेजल बोटं मोजत निघालीसुद्धा.

समोर दारावर लहानसा लाकडी क्रूस,
पाटी: डाबरे.
नियमाप्रमाणे हे घर आमच्या नमुन्यात येत नव्हतं.
तिथं विचारायला माझ्याकडे छापलेलं काही नव्हतं.

चप्पल मी पुन्हा काढली.