पाणसळ

फॉर्मवर हुद्दा छापला होता: वैमानिक, राखीव.
त्याखाली बारीक अक्षरात, अर्धवेळ.
मेकॅनिकलची शेवटची तोंडी मंगळवारी झाली,
शुक्रवारी मी सही केली.
शकूआत्या म्हणाली, अर्धवेळ म्हंजे गं काय?
तू नुसतं उडवायचं, आणि उतरवायचं दुसऱ्यानं?

मुलाखतीत एकानं विचारलं, पूर्णवेळ का नको?
म्हटलं, सर, गोकुळ शिरगावला फौंड्रीत लागलेय,
पंपाची कवचं ओततात तिथं.
महिन्यातले दोन शनिवार-रविवार तुमचे,
वर्षातला एक महिना तुमचा,
आणि बोलवाल तेव्हा सगळीच.
त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.
काय ते उलटं वाचता आलं नाही.

दादा टेरिटोरियलमध्ये होते.
दोन महिने टेंबलाईवाडीच्या कॅम्पात,
दहा महिने उद्यमनगरात, लेथवर.
गल्ली त्यांना हंगामी जवान म्हणायची,
गुऱ्हाळाला म्हणावं तसं.
एका वर्षी दोनाचे चौदा महिने झाले.
कुठं आहेत ते पत्रात नव्हतं,
एवढंच होतं की इथं डाळ शिजत न्हाई.
आई बराच वेळ कुकरकडं बघत राहिली.

परतले तेव्हा त्यांच्या लेथवर
माणगाव्यांचा पोरगा उभा होता.
पंधरा दिवस दादांनी लोखंडाचा बुरा झाडला.
मग कोपऱ्यातला जुना लेथ मिळाला,
एका पायानं लंगडा.
त्यावर पाणसळ ठेवली, खाली पत्र्याची पाचर सारत गेले,
आणि बुडबुडा मधोमध येईतो
डबा उघडला नाही.
हे मला आईनं सांगितलं, ते गेल्या वर्षी.

फॉर्म वाचताना त्यांनी चष्मा पुसला,
बोट ठेवलं ते ‘राखीव’वर.
शाळू भरात आला की तुझा चुलता
गोफण घिऊन माळ्यावर बसायचा.
दिसभर एक पाखरू आलं न्हाई,
म्हणून त्याला कुणी रिकामा म्हटलं का?
राखत हुता की.
आणि मग, पेट्रोलचे पैसे देत्यात का?

उजळाईवाडी. सकाळचे सहा चाळीस.
पंखावर दव, धावपट्टीच्या कडेला टिटवीची कटकट.
शिकलगार सर मागच्या सीटवरून ओरडतात,
गोळी बघ, मगदूम, गोळी!
वाकड्या काचनळीत एक काळी गोळी असते.
वळताना शेपूट घसरली की ती पळते.
जिकडं गोळी, तिकडचा पाय दाब.
मी डावा दाबला.
ती आळसावल्यासारखी आली मधोमध.
पाणसळीत बुडबुडा वर पळतो,
इथं गोळी खाली. बाकी तेच.
सर म्हणाले, आधी कुठं शिकलीस?

खाली पंचगंगेचं वळण, उसाचे चौकोन,
विद्यापीठाचा माळ, आणि उद्यमनगरचे पत्रे.
मी दादांचा पत्रा शोधला.
सगळे सारखेच गंजलेले.

एकटीनं उडाले त्या दिवशी
मागची सीट रिकामी, विमान हलकं,
जमीन सोडायला उतावीळ.
भीती वाटली ती वर गेल्यावर नाही,
उतरून इंजिन बंद केल्यावर,
पंखा थांबला, आणि कळलं
की आता कुणीतरी कधीतरी
खरंच बोलावू शकतं.

आज सोमवार.
काल कुठं होतीस, मोल्डिंगवाला बाळकू विचारतो.
वर, मी म्हणते. तो हसतो, पाटी उचलतो.
फोन ड्रॉवरमध्ये आहे, आवाज पूर्ण.
वाजू नये असं वाटतं,
आणि वाजलाच तर पहिल्या घंटीला उचलायचा.
ओतून गार झालेलं कवच मापाच्या टेबलावर येतं,
अजून काळ्या वाळूचा वास असलेलं.
दादांनी न सांगता पिशवीत घातलेली
पाणसळ मी त्यावर ठेवते.
बुडबुडा जरासा डावीकडं.

टेबलाखाली, सेफ्टी बुटातला
माझा डावा पाय
हळूच जमीन दाबतो.