शनिवारची रांग

इव्हॅन्डर मॅकफेलसाहेबांची चौतीस वर्षं
मी टाइप केली.
त्यातली निम्मी ‘आपले पत्र मिळाले’ यातच गेली.

गुरुवारी लंडनहून रात्रगाडी,
पहाटे डोंगराकडेची बस, बसनंतर बोट,
बोट नसली तर धक्क्यावर बसून राहणं,
आणि शनिवारी दहाच्या ठोक्याला
ओरसा बेटावर, चर्चमागच्या हॉलमध्ये,
ओल्या कोटासकट हजर.
समोर रांग.
कुणाचं पेन्शन अडलेलं,
कुणाच्या मेंढ्या शेजाऱ्याच्या कुंपणात.
एका म्हातारीला नुसतं
गेलिकमध्ये भांडायला कुणीतरी हवं असायचं.
साहेब तिच्याशी भांडायचे.
व्यवस्थित, पंधरा मिनिटं.

सभागृहात ते बोलले ते बोटीबद्दल.
बोटीचं वेळापत्रक, बोटीचं भाडं,
बोटीचं शौचालय.
पहिल्या वर्षी इतिवृत्तात ‘हशा’ अशी नोंद आहे.
पुढे नोंदही थांबली.
अकरा मंत्री आले नि गेले,
उत्तर तेच: बाब विचाराधीन आहे.
पालथ्या घड्यावर पाणी, मी म्हणायचे.
ते म्हणायचे, घडा कधीतरी
कुणाच्या तरी पायाने कलंडेल,
तेव्हा आपण पाणी घेऊन उभे असलो
म्हणजे झालं.

एका मंगळवारी रात्री पावणेअकराला
ते पक्षाच्या आदेशाप्रमाणे
होकाराच्या दालनात गेले.
मासे कमी, मचवे जास्त, हिशेब सोपा होता:
मचवा मोडा, पैसे घ्या.
आमच्या किनाऱ्यावर चौदा मोडले.
तिसरा रॉरी मॅकफेलचा,
साहेबांच्या धाकट्या भावाचा.
नाव आईचं, ‘शोनाग’.
यंत्राचा पंजा आधी तिच्या नावावरच पडला.
नियम असा, की फळीसुद्धा घरी न्यायची नाही.
रॉरीने निळ्या रंगाचा एक ढलपा
खिशात घातला.
मी पाहिलं. कुणाला बोलले नाही.
आत्ता बोलतेय.

पुढच्या शनिवारी रॉरी रांगेत.
नंबर आला, की मागच्याला हात करायचा,
तू जा.
मागे कुणी उरलं नाही
की टोपी घालून निघून जायचा.
एकोणीस वर्षं.
वादळात बोट बंद असली, साहेब लंडनला अडकले,
तरी तो येऊन बसायचा.
साहेब दाराच्या फटीतून बघायचे
आणि मला म्हणायचे,
पुढचा कोण?

या मे महिन्यात ते त्रेसष्ट मतांनी पडले.
मोजणी दोनदा झाली.
भाषणात सगळ्यांचे आभार मानले,
दोन-तीन नावं विसरले, त्यात माझं होतं.
जिंकलेल्या पोराला
बोटीचं वेळापत्रक दिलं, पाठ करायला.
नवी बोट पुढच्या वर्षी येतेय म्हणे,
शौचालयासकट.

आम्ही फाइली खोक्यात भरत होतो.
हॉल आता आमचा नव्हता,
चावी तेवढी माझ्याकडे होती.
रांग कुठली, माजी माणसाकडे कोण येतं?
रॉरी आला.
शेवटच्या खुर्चीवर बसला.
त्या दिवशी ती पहिलीही होती.
मी सवयीने विचारलं, पुढचा कोण?

तो उठला नाही.
साहेबच आतून आले,
खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले,
दाराकडे तोंड करून.
दोघंही रांगेत,
आणि आत कुणीच नाही,
टेबलावर सहीविना राहिलेलं एक पत्र.

मी कोट घेतला, चावी दारातच ठेवली.
वारा सुटला होता.
किटली बंद केली होती की नाही,
एवढंच घरापर्यंत
आठवेना.