विचारले असता

दप्तरखान्यात शाई चालत नाही.
पेन बाहेर ठेवा, म्हणाली काउंटरवरची मुलगी,
आणि पिवळी पेन्सिल दिली, टोक करून.
खिडकीबाहेर विकचं बंदर. वारा असा
की सीगल उडत नव्हते, नुसते जागेवर टांगलेले.

मी आलेय बाल्क्लुथाहून, तीन विमानं बदलून,
एकसष्ट वर्षांची, एक गुडघाही बदललेली.
चाळीस वर्षं लोकरीची प्रतवारी केली.
बोटांना अजून कळतं
मेंढीला कुठल्या महिन्यात उपास घडला ते:
धागा तिथे बारीक होतो
आणि ओढला की तिथेच तुटतो.

भावाला कुळचिन्ह हवंय.
डिसेंबरात सगळे मोवॅट जमणार, एकशे चाळीस पानं मांडायची.
एल्गिनने टार्टनचे टायही बघून ठेवलेत,
कुठल्या घराण्याचे, तेवढं फक्त मी सांगायचं.
आमच्याकडे चालत आलेलं ते असं:
खापरपणजोबा मर्डोक, जहाजावरचा सुतार,
त्याचा बाप पाद्री. किंवा कप्तान.
आत्या म्हणायची पाद्री,
दोन पेग झाले की कप्तान.

वही आली. शिवण सुटलेली,
पानांना तळघराचा गार वास.
अक्षर अशा माणसाचं
ज्याला हात गारठले तरी वळण सोडवत नाही.

ऑक्टोबर १८४१. चर्चच्या पंचांपुढे हजर
क्रिश्चन मोवॅट, वय एकोणीस, अविवाहित, मासे चिरणारी.
गरोदर असल्याचे कबूल.
बापाचे नाव विचारले असता
उत्तर दिले नाही.

पुढच्या रविवारी. विचारले असता
उत्तर दिले नाही.

तिसऱ्या रविवारी तिला साऱ्या गावासमोर उभी केली,
नरकाची आठवण करून देण्यात आली.
विचारले असता
इथे कारकुनाने वाक्य पुरं केलेलं नाही.
एक आडवी रेघ,
आणि खाली छपराच्या दुरुस्तीचा खर्च, चार शिलिंग.

त्या रेघेशी मी बराच वेळ बसले.
हेरिंगच्या हंगामात मुली बोटांना चिंध्या बांधत.
सुरी घसरली की चिंधीसकट कापायचं,
वर मीठ.
तसल्या हातांनी हिने काय धरून ठेवलं असेल
तीन रविवार?
प्रेम म्हणून टाकावं, सोपं पडतं.
भीती असेल. किंवा तो समोरच असेल
पंचांच्या बाकावर, टोपी मांडीवर घेऊन,
तिच्या तोंडाकडे बघत.
किंवा यातलं काहीच नाही, एवढंच
की द्यावं न द्यावं हे आपण ठरवायचं
असं काही तिच्याकडे
आयुष्यात पहिल्यांदाच आलं होतं.

मर्डोकच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत
बापाचा रकाना कोरा.
शाईने खाल्ला नाही म्हणून
कागद तिथे जरा जास्त गोरा.

म्हणजे आडनाव आलं ते हिच्याकडून.
एकशे चाळीस पानांवर जेवायला बसणार आहे ते हिचं.
आणि हिला मी म्हणू काय?
पणजोबा होतात, खापरपणजोबा होतात,
खापरापलीकडे नात्याला शब्द नाही,
हाक मारायची तर नावानेच.
क्रिश्चन.
हळूच म्हणून पाहिलं. काउंटरवरच्या मुलीने मान वर केली,
काही हवंय का?

संध्याकाळी एल्गिनचा फोन. त्याच्याकडे सकाळ,
मागे कुत्री, आणि दुधाचा ट्रक
उलटा येताना वाजतो तो आवाज.
सापडला का बाप?
वाऱ्यात लाइन तुटतेय असं त्याला वाटलं असावं.
बार्बरा? ऐकू येतंय का?
टाय कुठले सांगू मग?

धक्क्यावर एक माणूस दोर गुंडाळत होता,
कोपरापासून अंगठ्यापर्यंत, कोपरापासून अंगठ्यापर्यंत.
पेन्सिल माझ्याच खिशात राहिली होती.
परत द्यायला हवी.
नऊला उघडतं म्हणाली.